लाल, पिवळा आणि कालवलेला

निपाणीहून चिकोडीकडे जाताना डाव्या हाताला आत वळलं की परशरामचं गाव लागतं. गावात शाळा एकच, सरकारी, पण ती दोन माध्यमांत भरते. उजवीकडच्या खोल्या कन्नडच्या, डावीकडच्या मराठीच्या, आणि मधला हॉल कुणाचाच नाही म्हणून सगळ्यांचा. त्या हॉलमध्ये सकाळी कन्नड पाचवी बसते आणि दुपारी मराठी पाचवी. मधल्या सुट्टीत दोन्ही पाचव्या एकाच डेगीतला भात-सांबार खातात. त्यावर अजून तरी कुणी मोर्चा काढलेला नाही.

भांडण आहे ते हॉलच्या दाराचं. दार सागवानी, दोन फळ्यांचं, रुंद. गावाला या दाराच्या वर्षात दोन सुग्या असतात. पहिली एक नोव्हेंबरची, कर्नाटक राज्योत्सवाची. त्या दिवशी कन्नड बाजूला सण असतो आणि मराठी बाजूला सुतक. मल्लगोंडा पाटील आपली तरणी पोरं घेऊन येतो आणि दार वरून पिवळं, खालून लाल करून जातो. दुसरी सुगी शिवजयंतीची. तेव्हा परशराम आपली पोरं घेऊन येतो आणि तेच दार भगवं करतो. मास्तर लोक दोन्ही वेळी नेमके ट्रेनिंगला गेलेले असतात.

आता रंगावर रंग काय, कुणीही मारेल. पण समोरच्याच्या रंगावर आपला रंग चढवला तर समोरचा आत जिवंत राहतो, असं दोन्ही बाजूंचं ठाम मत. म्हणून आधी खरवडायचं. पत्रीनं, म्हणजे लोखंडी पात्यानं खरवडायचं, मग पॉलिश पेपरनं घासायचं, पार लाकूड दिसेपर्यंत. लाकूड मात्र परशरामच्या उभ्या हयातीत कुणाला दिसलेलं नाही, कारण दोन तास घासलं की पोरांचे खांदे भरून येतात आणि चहा येतो. तोवर हॉलमध्ये असा भुगा उडालेला असतो की समोरचा फळा दिसत नाही. तो भुगा खिडकीच्या कट्ट्यावर, सतरंजीत, पोरांच्या दप्तरांत जाऊन बसतो आणि पुढच्या सुगीपर्यंत तिथंच नांदतो.

परशराम निपाणीत ट्रॅक्टरच्या शोरूमला मेकॅनिक. शाळेच्या समितीत मेंबर आणि मराठी बाजूचा पुढारी. पुढारी होण्याइतका त्याचा आवाज मोठा होता, आणि गावात तेवढं पुरतं. कन्नड त्याला फर्डं यायचं. शिव्या तर तो कन्नडातच द्यायचा, कारण मराठीत त्या तोंडभर होत नाहीत असं त्याचं म्हणणं. मल्लगोंडाची बायको गडहिंग्लजची, म्हणून कन्नड बाजूच्या पुढाऱ्याच्या घरात चुलीपाशी मराठीच चालायची. पण हे गावात कुणी बोलून दाखवत नसे. बोललं तर भांडायला काही उरलं नसतं.

परशरामला एकच मुलगी, आरोही. पाचवीत. शिवजयंतीला दार घासून झालं की खाली पडलेला लाल-पिवळा भुगा झाडायचा मान तिचा, असं परशरामनं ती तिसरीत असतानाच ठरवून टाकलं होतं. पुढाऱ्याची पोर हातात झाडू घेऊन समोरच्यांचा रंग सुपलीत भरतेय, याचा फोटो तो दरवर्षी स्टेटसला ठेवायचा. फोटोत आरोही शिंकताना असायची, पण जोश दिसायचा. तिकडं नोव्हेंबरात हाच मान मल्लगोंडाच्या आदर्शला. तोही पाचवीत, तोही एकुलता एक, आणि त्याच्या फोटोला लाइक जास्त पडायचे म्हणून परशरामच्या पोटात दुखायचं.

पोटात खरं तर आरोहीच्या दुखायचं. गेली दोन वर्षं पोरगी खात नव्हती. ताट पुढ्यात आलं की पोट धरायची. आधी टुणटुणीत पोर, आता उगाच किरकिर करायची, आणि बाराचा पाढा आज पाठ केला की उद्या कोरा. परशरामनं यावर एकच औषध शोधलं होतं. तो तिला मठ्ठ म्हणायचा. आधी हळू म्हणायचा, मग चारचौघांत म्हणायला लागला, आणि मग पाठीत धपाटाही घालायला लागला.

"मराठीच्या पुढाऱ्याची पोर, आन् मराठी पाढ्यात अडकती," तो बायकोला म्हणायचा. "गावात काय तोंड दाखवायचं?"

"तुमच्या तोंडाची कुणाला पडलीय?" मंगल म्हणायची. "पोरीला डॉक्टरकडं न्या."

निपाणीच्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं, पुढं काही झालं नाही, आणि परशरामचं मठ्ठ म्हणणं चालू राहिलं.

डिसेंबरात बेळगावहून एक मॅडम आली. कॉलेजात शिकवायची आणि शाळांमधल्या धुळीवर अभ्यास करायची. धुळीवर काय अभ्यास करायचा, हे गावाला कळेना. ती हॉलमध्ये गुडघ्यावर बसून ब्रशनं धूळ पिशवीत भरत होती, आणि दाराशी उभे राहून लोक बघत होते. जानेवारीत ती परत आली आणि तिनं त्याच हॉलमध्ये पालकांची सभा बोलावली.

"इथल्या धुळीत शिसं आहे," ती सरळ मराठीत म्हणाली. "क्रोमियमसुद्धा आहे. पण शिसं फार. मुलं जमिनीवर बसतात, हात तोंडात घालतात. शिसं मेंदूला मारतं. वाढत्या मुलाच्या तर जास्तच."

मग परशराम उठला. पुढाऱ्यानं पहिला प्रश्न विचारायचा असतो.

"कुटल्या बाजूच्या धुळीत जास्त हाय?"

"म्हणजे?"

"म्हंजे कन्नडच्या बाजूला का मराठीच्या?"

"अहो, हॉल एकच आहे ना?"

मल्लगोंडा लगेच उठला. "तसं न्हवं मॅडम. सकाळची धूळ यगळी, दुपारची यगळी. दुपारी यांची पोरं बसत्यात."

मॅडमनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग तिनं दाराकडं बोट केलं आणि सांगितलं की शिसं बहुतेक रंगातून येतंय, लाल-पिवळ्या-केशरी स्वस्त रंगांत ते घालतात, सगळ्या मुलांचं रक्त तपासू या. पुढं ती आणखीही काही महत्त्वाचं सांगत होती. पण ‘रंगातून’ हा शब्द ऐकल्यावर सभा सभा राहिलीच नाही. मल्लगोंडा म्हणाला, भगव्यात असणार. परशराम म्हणाला, लाल-पिवळ्यात. मग दोघं कन्नडात एकमेकांच्या पूर्वजांपर्यंत पोचले. मुख्याध्यापिका राजश्री मिस यांनी चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी पोरांचं रक्त काढून नेलं. आणि त्याच दुपारी दोन्ही पुढारी आपापले कार्यकर्ते घेऊन निपाणीत पद्मराजच्या रंगाच्या दुकानात हजर झाले. दोघांचा रंग इथूनच जायचा. पद्मराज गेली कित्येक वर्षं दोन्ही सुग्यांना दुकान लवकर उघडायचा आणि दोघांना जय म्हणायचा, ज्याचा जो असेल तो.

"आमचा भगवा चोख हाय, असं लिहून दे," परशराम म्हणाला.

"आमचा लाल-पिवळा चोख हाय, असं दे," मल्लगोंडा म्हणाला.

पद्मराजनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "लिहून काय द्यायचं? रंग एकच हाय."

"एकच कसा?"

"लाल डबा हाय, पिवळा डबा हाय. बिनलेबलचा, सस्तातला. तुमाला सस्तातलाच पायजे असतोय. ह्येनला दोन यगळं देतोय. तुमाला दोन कालवून देतोय."

परशरामला कळलं नाही. म्हणजे कळलं, पण उतरलं नाही. "काय कालवून?"

"लाल आन् पिवळा कालवला की भगवाच होतोय की, परशरामभाऊ. भगव्याचा डबा यगळा ठेवून माझं काय भलं व्हणार? वर्षातनं एकदा तुमी येणार."

बारा वर्षं परशरामनं समोरच्यांचा रंग खरवडून काढला होता आणि त्याच डब्यांतून तोच पुन्हा लावला होता. शेवटी परशरामचा उजवा हात असलेल्या रवळूनं तोंड उघडलं. रवळूचं डोकं अशा वेळी भलतं चालायचं.

"मग मूळ दोष लाल-पिवळ्याचाच की! आमचा काय दोष? आमी नुस्तं कालवलं."

"पण तुमच्यात दोन्हीचं शिसं एका जागी आलं की नाही?" मल्लगोंडा म्हणाला. "म्हंजे तुमचं डबल."

यावर दुकानात पुन्हा जुंपली. पद्मराजनं तेवढ्यात तिसऱ्या गिऱ्हाइकाला ब्रश विकले.

पोरांचे आकडे आठवड्यानं आले. रक्तातलं शिसं पाचच्या वर गेलं की काळजी करायची, असं मॅडमनं सांगितलं होतं. आरोहीचा आकडा एकवीस. आदर्शचा एकोणीस. बाकीच्या पोरांचे सात, नऊ, अकरा, असे. शाळेत पोरांनी लगेच त्याचा सामना लावला. मराठी पाचवी ‘एकवीस, एकवीस’ म्हणून नाचली आणि आरोहीला खांद्यावर घेतलं. कन्नड पाचवीनं आदर्शला विचारलं, तू दोन कमी का पडलास. पोरांना हे शिकवायला कुणी वेगळा मास्तर ठेवला नव्हता.

परशराम नाचला नाही. तो शोरूमच्या मागं एका उघड्या इंजिनाजवळ बसला आणि मॅडमला फोन लावला.

"माझ्याच पोरीला एवढं का?" त्यानं विचारलं. "घरात काय हाय का? माझ्या कामावरनं काय जातंय का?"

मॅडमनं बरंच विचारलं. घर कसलं, पाणी कुठलं, पोरगी कुठं बसते. मग तिनं विचारलं, "दार खरवडताना ती तिथं असते का?"

"असते की. भुगा तीच झाडती."

मॅडमनं पुन्हा विचारलं.

"सुका भुगा झाडते? दरवर्षी?"

"मान हाय तिचा," परशराम म्हणाला.

"परशरामभाऊ, मी सभेत तेच सांगत होते. रंग दारावर आहे तोवर एक वेळ चालेल. खरवडला की तो हवेत जातो, मग पोटात जातो. सुकं खरवडायचं नाही, सुकं झाडायचं नाही. तुम्ही ऐकलं नाहीत का?"

नव्हतं ऐकलं. तेव्हा तो मल्लगोंडाच्या आजोबांबद्दल बोलत होता. परशराम इंजिनाकडं बघत बसला. पोट धरून बसलेली पोरगी त्याला दिसली. पाढा विसरून भिंतीकडं तोंड करून उभी असलेली दिसली. तिला मठ्ठ कुणी केलं होतं आणि मठ्ठ कोण म्हणत होतं, हे दोन्ही प्रश्न एकाच माणसापाशी येऊन थांबत होते. एवढा राग त्याला आजवर समोरच्यांवरसुद्धा आला नव्हता, जेवढा तेव्हा स्वतःवर आला.

तेवढ्यात रवळूचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"आण्णा, सुगी आधीच काढतोय! शिसं लाल-पिवळ्यात हाय म्हटल्यावर शिवजयंतीची वाट कशाला बघायची? पोरं पत्र्या घेऊन शाळेत आल्यात. पार लाकडापातूर काढतो बघा आता. तुमी या नुसतं."

"थांब! रवळू, हात लावू नको!"

पण पलीकडून घोषणांचा आवाज येत होता, आणि रवळूला ते ‘लवकर’ असं काहीतरी ऐकू आलं असावं. त्यानं फोन ठेवला.

परशरामनं मालकाला न विचारता शोरूमसमोरची बुलेट घेतली. गावात पोचला तेव्हा दुपारची पाळी भरलेली होती. पोरं हॉलमध्ये बसली होती, आरोही पहिल्या ओळीत, आणि दारात रवळू आणि त्याची पाच-सहा पोरं. रवळूनं पत्री पिवळ्या भागाला लावलेली होती.

परशराम धावत गेला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. दोन्ही हात पसरून. वर पिवळा, खाली लाल, आणि मध्ये मराठी बाजूचा पुढारी.

"आण्णा, बाजूला व्हा की," रवळू म्हणाला. त्याला वाटलं आण्णाला पहिला हात मारायचाय. "तुमी करतासा का? घ्या पत्री."

"ह्या दाराला कोण हात लावला तर तंगडी मोडीन."

"हे... लाल-पिवळं हाय, आण्णा."

"मला दिसतंय. मी आंधळा न्हाय. आत पोरं हाईत, भुगा त्यांच्या पोटात जातोय. घरला जावा."

रवळूची पोरं हलली नाहीत. त्यातल्या एकानं मोबाइल काढून चित्रण सुरू केलं. परशराम लाल-पिवळ्या दाराचं रक्षण करतोय, हा व्हिडिओ चहा उकळायच्या आत निपाणीपर्यंत पोचला. खाली लोकांनी त्याला काय काय म्हटलं, ते इथं छापण्यासारखं नाही. एकानं नुसतं ‘किती घेतलंस’ एवढंच विचारलं होतं, आणि सगळ्यांत सौम्य तेच होतं.

मल्लगोंडाही पोचला, धापा टाकत, मागं आपली पोरं. आपल्या दारापुढं परशराम हात पसरून उभा त्यानं बघितला. चांगलं की वाईट, हेच ठरेना. पण पुढारीपण अंगात असलं की माणूस गप्प राहत नाही.

"तू का राखालैस?" तो ओरडला. "दार आमच्या रंगाचं हाय. राखायचं असलं तर आमी राखू. सर बाजूला."

"न्हाय सरणार."

"आमच्या दाराला तू राखन कशाला? काय डाव हाय तुझा?"

आणि खरोखर, दोघं दार कुणी राखायचं यावरून भांडायला लागले. मल्लगोंडानं परशरामचा दंड धरून ओढला. परशरामनं कडी धरली. रवळू पत्री घेऊन उभा, त्याला कुठल्या बाजूनं पडावं कळेना. शेवटी परशराम कन्नडात ओरडला, शिवी न घालता, आणि ते ऐकूनच मल्लगोंडाचा हात सैल पडला. कारण परशराम कन्नडात शिवीशिवाय बोलतोय हे त्यानं आजवर ऐकलं नव्हतं.

तो म्हणाला होता, "खरवडलं की पोरांच्या रक्तात जातंय. माझ्या पोरीच्यात मी घातलोय. तुझ्या पोराच्यात तू."

मल्लगोंडानं आत बघितलं. मग तो परशरामच्या शेजारी दाराला पाठ लावून उभा राहिला. जागा दोघांना पुरत नव्हती. दोघंही पोटानं चांगले सुटलेले होते.

दार सुट्टीच्या दिवशी काढलं. मॅडम सांगेल तसं: आधी ओलं केलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं, बिजागऱ्या काढल्या आणि टेम्पोनं तिच्याबरोबर पाठवून दिलं. हॉल ओल्या फडक्यानं पुसून काढला, भिंती, कट्टे, सगळं. सतरंज्या बदलल्या. नवीन दार लोखंडी आलं. रंग कुठला द्यायचा यावर समितीच्या तीन बैठका झाल्या. हिरवा नको म्हणाले, निळा नको म्हणाले, प्रत्येक रंग कुणाचा ना कुणाचा निघाला. शेवटी राखाडी ठरला. राखाडीचा अजून एकही पक्ष नाही. दार वाळेपर्यंत ‘ओला रंग’ ही पाटी कुठल्या भाषेत वर लावायची, यावर पुन्हा जुंपली, आणि ती लावेपर्यंत रंग वाळून गेला होता.

मे महिन्यात परशराम आरोहीला घेऊन बेळगावला गेला. दुसरी तपासणी. आकडा तेरावर आला होता. डॉक्टर म्हणाले, लोहाच्या गोळ्या चालू ठेवा, दूध, पालेभाजी, खायला चांगलं. उतरतंय, आणखी उतरेल.

"आन् डोकं?" परशरामनं विचारलं. "जे गेलंय ते येईल न्हवं परत?"

डॉक्टर चांगला माणूस असावा. त्यानं खोटं सांगितलं नाही. "काही येईल. सगळं येईलच असं मी म्हणणार नाही. आता पुढचं जाऊ देऊ नका."

बाहेर येऊन दोघं स्टँडवर बसले. निपाणीची गाडी लागायची होती. आरोही शेंगदाणे खात होती. बऱ्याच दिवसांनी ती काहीतरी स्वतःहून मागून खात होती. खाता खाता ती म्हणाली,

"आप्पा, म्हंजे मी मठ्ठ न्हवतो."

"न्हवतीस."

"ते शिशामुळं झालतं."

"व्हय."

तिचं तोंड एकदम उजळलं. इतका आनंद तिला गेल्या दोन वर्षांत कशाचा झाला नव्हता. दोन वर्षं ती स्वतःला मठ्ठ समजून चालली होती आणि ते घरातूनच तिच्या अंगाला लावलं होतं. परशरामनं मान दुसरीकडं वळवली.

"मग मारलासा ते?" तिनं विचारलं. रागानं नाही. तिला खरंच हिशेब लागत नव्हता.

"ते उगंच," परशराम म्हणाला. "ते माझं चुकलं, बाई." आणि भर स्टँडवर, पुढं बसलेली बायामाणसं बघत असताना, पुढारी ढसाढसा रडला. आरोहीनं त्याला शेंगदाण्यांची पुडी पुढं केली. तो रडणं थांबवून तिच्याकडं बघायला लागल्यावर ती म्हणाली,

"आदर्शला पण त्याचे आप्पा लई मारत्यात. त्येनला पण सांगा की."

परशरामनं डोळे पुसले, नाक पुसलं आणि मल्लगोंडाला फोन लावला. कन्नडात सुरुवात केली. आधी सवयीनं एक शिवी घातली, मग सांगितलं की पोरगा मठ्ठ नाही, ते शिशामुळं आहे, त्याला मारत जाऊ नको.

परशरामला वाटलं, फोन कट झाला.

"कालच मारलोय की रं," मल्लगोंडा म्हणाला. मराठीत.